बाटल्यांची खोली

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं ते १९९६ साली. नवं मशीन घेणारं गिऱ्हाईक तेव्हा दोन गोष्टी हमखास विचारायचं: गॅरंटी किती, आणि गेम टाकून देणार ना? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ एका फ्लॉपीत मावायचा. तो मी किती घरांतल्या मशीनवर टाकला असेल याची मोजदाद नाही. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत, पण ती कॉपी चोरीची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी चोरांची बाजू घेऊन लिहितोय असं कुणाला वाटायला नको.

२००९ साली एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी अमेरिकेहून सुट्टीवर आली आणि येताना माझ्यासाठी याच गेमचा मूळ खोका घेऊन आली. आत फ्लॉप्या होत्या आणि एक पातळ माहितीपुस्तिका. दुकानात मागे झाकून ठेवलेल्या ४८६ मशीनवर मी तो चढवला. सुरुवातीचं तळघर पार केलं आणि राजपुत्र एका अनोळखी खोलीत जाऊन उभा राहिला. ओळीने मांडलेल्या बाटल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. पडद्याच्या तळाशी सूचना: पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतला अमुक शब्द शोधा आणि त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या. मी पुस्तिका उघडली, बोटाने ओळी मोजल्या, अक्षर शोधलं आणि राजपुत्राला त्या बाटलीपाशी नेलं. तेव्हा कुठे पुढचं दार उघडलं.

तेरा वर्षं मी हा गेम ओळखत होतो. कोणती फरशी पायाखालून निसटते, कुठे खिळे वर येतात, जाड्या पहारेकऱ्याशी कसं लढायचं, सगळं तोंडपाठ होतं. ही खोली मात्र मी कधीच पाहिली नव्हती. आमच्याकडे फिरणाऱ्या कॉपीतून कुणीतरी ती कापून टाकलेली होती. पैसे मोजणाऱ्याला ती लागायची, फुकट खेळणाऱ्याच्या वाटेत ती नव्हतीच.

त्या संध्याकाळपासून मी या कुलपांची माहिती जमवायला लागलो. जुने खोके, पुस्तिका, चकत्या मिळतील तशा गोळा केल्या. आज दुकानातलं एक कपाट त्यांनीच भरलंय. त्या कपाटासमोर बसून जे समजलं ते इथे मांडतोय.

कुलूप लावणाऱ्यांचं दुखणं खरं होतं, हे पहिल्यांदा मान्य करायला हवं. १९७६ साली बिल गेट्स यांनी कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. यंत्राचे पैसे तुम्ही देता आणि प्रोग्राम मात्र फुकट वाटून घेता, मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय करायचं, असा त्या पत्राचा सूर होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लिहिणारे जॉर्डन मेक्नर त्या गेमवर चार वर्षं खपले. धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्यांनी त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. संगीत वडिलांनी दिलं. १९८९ मध्ये गेम आला. अशा कामाची कॉपी मी दोन मिनिटांत मारत होतो. बाटल्यांची खोली कुणी का बांधली, हे मला नीट कळतं.

पण कारण कळणं आणि उपाय पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात गेम कॅसेटवर मिळत. ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा छोटा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डर लावायचा आणि कॅसेट संपेपर्यंत काही मिनिटं वाट पाहायची. (हेच यंत्र पुढे ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने भारतातही विकलं गेलं.) दोन टेपरेकॉर्डर जोडले की कॉपी तयार. म्हणून कंपन्यांनी कॅसेटबाहेरची कुलपं शोधली. १९८४ च्या ‘जेट सेट विली’सोबत रंगीत चौकटींचं एक कार्ड येई. गेम एखाद्या घराचा क्रमांक विचारी आणि कार्डावर त्या घरात जे रंग असतील ते ओळीने सांगावे लागत. रंगीत झेरॉक्स तेव्हा सहजी होत नव्हती, हा हिशेब होता. ज्याला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही त्याचा विचार त्या हिशेबात नव्हता. आणि चोर? तो कागद-पेन्सिल घेऊन कार्ड उतरवून काढी, नाहीतर प्रश्न विचारणारा भागच प्रोग्राममधून काढून टाकी.

पुढच्याच वर्षी ‘एलिट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा गेम स्पेक्ट्रमवर आला. त्याच्या खोक्यात ‘लेन्सलॉक’ नावाची प्लॅस्टिकची घडीची भिंग-पट्टी होती. माझ्या कपाटातली सगळ्यात लहान वस्तू तीच. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असेल. तिच्या मधोमध उभ्या धारा आहेत, बोट फिरवलं की कंगव्यासारख्या लागतात. गेम सुरू झाला की टीव्हीवर वेड्यावाकड्या रेघांचा पुंजका दिसे. आधी कळ दाबत त्याची रुंदी आपल्या टीव्हीच्या मापाला जुळवायची. मग पट्टी काचेला टेकवून एक डोळा मिटून बघायचं. धारांमधून रेघा जागेवर येत आणि दोन अक्षरं दिसत, ती टाइप करायची. तीनदा चुकलात की सगळं पुसलं जाई आणि कॅसेट पहिल्यापासून लावावी लागे. फार मोठ्या किंवा फार लहान टीव्हीवर ही पट्टी नीट चालतच नव्हती. त्यात भर म्हणजे काही शे खोक्यांत भलत्याच गेमची पट्टी भरली गेली. ज्यांनी ते खोके घेतले त्यांच्याकडे पावती होती, कॅसेट होती, पट्टीही होती, आणि तरी गेम उघडत नव्हता. थोड्याच गेमनंतर ही पट्टी बंद पडली.

अमेरिकेत फ्लॉपीवर गेम येत तिथे कागदाची कुलपं जास्त चालली. ‘मंकी आयलंड’ (१९९०) या गेमसोबत पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मधोमध रिव्हेट मारून जोडलेल्या येत. एकीवर समुद्री चाच्यांचे कपाळ-डोळे, दुसरीवर नाक-हनुवट्या. पडद्यावर दिसेल तो चेहरा चकत्या फिरवून जुळवायचा आणि खिडकीतून दिसणारं साल टाइप करायचं. ही चकती कुणी आनंदाने फिरवली असेल तर मला नवल वाटत नाही. ती प्रेमाने बनवलेली होती, तीत गेमचाच रंग होता. पण पुठ्ठा भिजला, चकती हरवली की गेम गेला. ‘सिमसिटी’ (१९८९) सोबत गडद लाल कागद मिळे. झेरॉक्स काढली की काळा चौकोन यावा म्हणून लाल. कमी उजेडात तो वाचताना विकत घेणाऱ्याच्याच डोळ्यांना ताण पडे. ‘सिमसिटी’चं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

सीडी आल्यावर कुलूप खोक्यातून निघून मशीनमध्ये शिरलं. ‘सेफडिस्क’, ‘सिक्युरॉम’, ‘स्टारफोर्स’ ही त्यांची नावं. सीडीवर मुद्दाम अशा खुणा केलेल्या असत की साध्या रायटरला त्या उतरवता येऊ नयेत. गेम उघडताना दर वेळी सीडी ड्राइव्हमध्ये हवी. ती तपासायला यातली काही कुलपं स्वतःचा ड्रायव्हर विंडोजच्या थेट गाभ्यात बसवत आणि गेम काढून टाकला तरी तो बहुधा मागे राही. ‘स्टारफोर्स’वर इतक्या तक्रारी झाल्या की २००६ मध्ये युबिसॉफ्टने ते वापरणं थांबवलं.

या काळातला एक प्रसंग माझ्या दुकानातला आहे. २००४ च्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीतला दहावीतला एक मुलगा मशीन उचलून घेऊन आला. मामांनी दिलेले आणि स्वतः साठवलेले पैसे घालून त्याने पुण्याहून एक ओरिजिनल गेम आणला होता. आयुष्यातला पहिला ओरिजिनल. खोक्याचं प्लॅस्टिकसुद्धा त्याने फाडलं नव्हतं, ब्लेडने अलगद कापून घडी करून आत ठेवलं होतं. गेम चालत नव्हता. ओरिजिनल सीडी घाला, एवढाच निरोप येत होता आणि ओरिजिनल सीडी तर आतच होती. मी ड्राइव्ह साफ केला, दुसरा लावला, विंडोज नव्याने टाकलं. दोन दिवस गेले. शेवटी कळलं की मशीनवर सीडी कॉपी करायचं सॉफ्टवेअर आहे म्हणून कुलूप त्याच्यावर संशय घेत होतं. ते सॉफ्टवेअर मीच टाकून दिलं होतं, त्याच्या ताईच्या लग्नाच्या सीडी करायला. ते काढल्यावर गेम चालला. मुलगा खूश झाला, पण जाताना त्याने विचारलं, “काका, माझ्या मित्राने शंभर रुपयाची डुप्लिकेट आणली, ती लगेच कशी चालली?” मी त्याला खरं उत्तर दिलं: त्याच्या सीडीला कुलूपच नाही.

पुढे कुलूप मशीनमधून निघून इंटरनेटवर गेलं. २००७ च्या ‘बायोशॉक’ला सुरुवातीला फक्त दोन मशीनवर परवानगी होती. ओरड झाल्यावर पाच केली आणि पुढच्या वर्षी मर्यादाच काढली. सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्पोर’ आला. एका प्रतीला तीन वेळा परवानगी, नंतर कंपनीला फोन करा. आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्याला याचा अर्थ लगेच कळतो. हार्ड डिस्क बदलली, विंडोज फॉर्मॅट मारलं की एक परवानगी खर्ची पडण्याची भीती. अॅमेझॉनवर हजारो लोकांनी त्या गेमला एकच तारा दिला. कंपनीने मर्यादा पाचवर नेली. चोरांची कॉपी तर गेम बाजारात यायच्या आधीच फिरत होती आणि त्या वर्षीच्या सगळ्यात जास्त चोरल्या गेलेल्या गेममध्ये ‘स्पोर’चं नाव पहिलं लागलं.

मार्च २०१० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’ संगणकावर आला तो कायमच्या इंटरनेटची अट घेऊन. एकट्याने खेळायचा गेम, पण जोडणी तुटली की खेळ जागच्या जागी थांबे. काही दिवसांतच कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेली माणसं बाहेर अडकली. तेव्हा आपल्याकडे २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत आणि आमच्या भागात भारनियमन रोजचं होतं. मशीन यूपीएसवर वीस मिनिटं तग धरी, पण एक्स्चेंजमधलं काही बंद पडलं की नेट आधी जाई. त्या अटीवर साताऱ्यात गेम विकत घेणं शहाणपणाचं नव्हतं, आणि मी कुणाला घ्या असं सांगितलंही नाही.

मग मार्च २०१३. ‘सिमसिटी’ नव्या रूपात आली, एकट्याने शहर वसवायलासुद्धा सर्व्हरची जोडणी हवी. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. ज्यांनी पैसे मोजले होते ते आपल्याच गेमच्या दाराशी रांगेत उभे. कंपनीने भरपाई म्हणून दुसरा एक गेम फुकट दिला. हा गेम इंटरनेटवाचून चालणं अवघड आहे असं आधी सांगितलं गेलं होतं, पण वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, तो इंटरनेटशिवाय खेळायची सोय त्याच कंपनीने दिली. १९८९ च्या खोक्यातला लाल कागद निदान घरच्या टेबलावर असायचा. २०१३ ला तो कागद दुसऱ्याच्या कपाटात गेला आणि कपाटाची किल्लीही त्याच्याचकडे.

याच काळात पोलंडमधली माणसं वेगळ्या वाटेने चालली होती, आणि त्यांची गोष्ट मला आमच्या बाजाराच्या जवळची वाटते. १९९०च्या दशकात तिथेही चोरीच्या सीडी उघड्यावर विकल्या जात. १९९४ मध्ये दोन मित्रांनी ‘सीडी प्रोजेक्ट’ सुरू केली. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ आणला तो पोलिश भाषेत, पोलिश नटांच्या आवाजात, नकाशा-पुस्तिका भरलेल्या जाड खोक्यात. चोराच्या सीडीत जे मिळणार नाही ते गिऱ्हाइकाला द्यायचं, हा त्यांचा उपाय होता, आणि लोकांनी तो खोका घेतला. २००८ मध्ये याच मंडळींनी कोणतंही कुलूप नसलेले जुने गेम विकायची साइट काढली. मे २०११ मध्ये त्यांच्या ‘द विचर २’च्या खोक्यातल्या प्रतीला कुलूप होतं. त्यामुळे काहींना अडचणी आल्या आणि दहा दिवसांच्या आत त्यांनी ते काढून टाकलं.

कुलपाचा काहीच उपयोग नसतो असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रियातल्या ‘डेनुव्हो’ने २०१४ पासून जे कुलूप आणलं ते चोरांनाही जड गेलं. त्यावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की कुलूप पहिल्याच आठवड्यात तुटलं तर कंपनीची कमाई सरासरी वीस टक्क्यांनी घटते. हा आकडा लहान नाही. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांचे पगार त्यात असतात. पण त्याच अभ्यासाचं दुसरं टोक मला जास्त महत्त्वाचं वाटतं: बारा आठवड्यांनंतर कुलूप तुटलं तर कमाईवर जवळपास काहीच परिणाम होत नाही.

म्हणजे राखण लागते ती सुमारे तीन महिने. ओझं मात्र गिऱ्हाईक गेम जवळ असेपर्यंत वाहतो. २०२१ मध्ये ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’ची चोरीची कॉपी विकतच्या प्रतीपेक्षा सुरळीत चालते असं तपासणीत दिसलं. विकतच्या गेममध्ये लढताना मध्येच अडखळल्यासारखं होई आणि चोरीच्या कॉपीत ते नव्हतं. त्यानंतर कॅपकॉमने दुरुस्ती काढली आणि चोरीविरोधी तंत्रात सुधारणा केल्याचं सांगितलं. आणि ज्यांची कुलपं जुनी झाली त्यांचं काय? २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणासाठी ‘सेफडिस्क’चा ड्रायव्हर विंडोज १० मधून वगळला आणि आधीच्या विंडोजमध्येही बंद केला. निर्णय बरोबरच होता, त्या ड्रायव्हरमध्ये भोकं होती. पण शेकडो जुन्या गेमच्या ओरिजिनल सीडी त्या दिवशी मुक्या झाल्या. डुप्लिकेट सीडीवाल्याला ही बातमी कळलीही नसेल.

२०१४ च्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि विकत घेतलेला गेम लोकांच्या हातून गेला. त्यात सर्व्हरचा वापर चोरी रोखण्यापुरता नव्हता, हे खरं. पण यातूनच युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला: ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरायचा नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कुलपांबद्दलचं ६५अ हे कलम आलं. ते कुलूप तोडणाऱ्याचा हेतू बघतं. हक्क बुडवण्यासाठी तोडलं तर गुन्हा. पण कुलूप लावणाऱ्याने ते कधी काढायचं, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

माझं म्हणणं तेवढंच आहे. कुलूप लावा, पण खोक्यावर त्याची मुदत छापा. औषधाच्या पट्टीवर असते तशी. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. त्यानंतर कंपनीनेच एक दुरुस्ती काढून ते उतरवावं आणि सर्व्हर बंद करायचे असतील तर त्याआधी गेम घरच्या मशीनवर सुटा चालेल असं करून द्यावं. हे अशक्य नाही. ‘द विचर २’ने दहा दिवसांत केलं, ‘सिमसिटी’ने वर्षात केलं, ‘डूम’ने २०१६ मध्ये सात महिन्यांत डेनुव्हो काढलं. राखणीची गरज संपल्यावरही कुलूप तसंच ठेवलं तर ते फक्त पैसे देणाऱ्याच्या दारावर उरतं.

तो दहावीतला मुलगा आता पुण्यात इंजिनिअर आहे. गेल्या गणपतीत घरी आला तेव्हा जुना खोका घेऊन दुकानात आला; त्याच्या मुलाला तो गेम दाखवायचा होता. प्लॅस्टिकची घडी अजून आत होती आणि तिच्यात पावती, शाई पुसट झालेली. सीडीवर एक ओरखडा नाही. नव्या मशीनला बाहेरून ड्राइव्ह लावला, गेम चढला, चिन्हावर क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. बनवणारी कंपनी हा गेम आता विकत नाही, कुलूप तिने कधी उतरवलं नाही. तो चालवायचा एकच मार्ग मला माहीत होता: चोरांनी वीस वर्षांपूर्वी बनवलेली, कुलूप चुकवणारी छोटी फाइल.

मी ती त्याला दिली. पावती पुन्हा घडी करून खोक्यात ठेवली. वीस वर्षांपूर्वी ज्या मुलाला मी ओरिजिनल घेतल्याबद्दल शाबासकी दिली होती, त्याच्याच मुलासमोर मला हे करावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.